बत्तीस एमबीवर अडणारे फर्मवेअर

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचा लहानसा कारखाना आहे. तेथील सिस्को राउटरचे फर्मवेअर (राउटर चालवणारे सॉफ्टवेअर) बदलण्यासाठी मी लॅपटॉपवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची एक साधी पद्धत) सर्व्हर चालू केला. कॉन्फिगरेशनची, म्हणजे राउटरच्या मांडणीची फाइल लॅपटॉपवर नीट उतरली. मात्र फर्मवेअरची फाइल राउटरवर चढवताना दर वेळी सुमारे ३२ एमबीवर थांबते. केबल बदलूनही तेच. राउटर बिघडला असेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : राउटरवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. केबल सदोष असती तर फाइल कधी इथे, कधी तिथे अडली असती. ती नेमकी एकाच ठिकाणी अडते, यातच उत्तर आहे. टीएफटीपी फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो आणि त्याची पोच आल्यावरच पुढचा तुकडा पाठवतो. या क्रमांकासाठी १६ बिटांचीच जागा असल्यामुळे मोजणी ६५,५३५ वर संपते आणि तेवढ्या तुकड्यांची बेरीज ३२ एमबीच्या किंचित आत भरते. काही सर्व्हर त्यानंतर पुन्हा शून्यापासून मोजू लागतात; तुमचा तसे करत नसावा.

तुकड्याचा आकार वाढवण्याची सोय १९९८ च्या आरएफसी २३४८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आली. ती सोय असलेला सर्व्हर घ्यावा आणि राउटरवर ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइझ’ ही आज्ञा देऊन आकार १,४६८ ठेवावा. त्यात प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला जोडल्या जाणाऱ्या माहितीचे, म्हणजे टीएफटीपीचे ४, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की इथरनेटच्या १,५०० बाइटांत पॅकेट बरोबर बसते आणि मर्यादा सुमारे ९२ एमबीपर्यंत जाते. फाइल त्याहून मोठी असेल, तर राउटरवर एससीपी (फाइल कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत) उपलब्ध आहे का, ते पाहावे. फाइल पोहोचल्यावर तिचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी अक्षरन् अक्षर जुळवल्याशिवाय राउटर रीस्टार्ट करू नये आणि जागा असेल तर जुनी फाइलही फ्लॅशमधून (राउटरच्या साठवणीतून) पुसू नये.

उतरवून घेतलेल्या कॉन्फिगरेशनबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटते. टीएफटीपीला ना लॉगिन असते ना कूटबद्धता, आणि त्या फाइलमध्ये पासवर्ड असतात. ‘टाइप ७’ म्हणून झाकलेले पासवर्ड तर सहज उलगडता येतात. म्हणून लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडावा, कारखान्याच्या वाय-फायवरून हे काम करू नये आणि काम आटोपताच सर्व्हर बंद करावा. तीच फाइल पुढे परत चढवण्याची वेळ आली, तर ती ‘रनिंग-कॉन्फिग’वर (सध्या चालू असलेल्या मांडणीवर) टाकल्याने चालू मांडणी पुसली जात नाही, जुन्या-नव्या ओळी एकमेकींत मिसळतात; म्हणून ती ‘स्टार्टअप-कॉन्फिग’मध्ये (राउटर सुरू होताना वाचतो त्या मांडणीत) टाकावी आणि चालू मांडणी जतन न करता राउटर पुन्हा सुरू करावा.