हृदयावरची, हृदयाभोवतीची की रक्तवाहिनीतली?

आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करणाऱ्या एकांचा प्रश्न आहे: 'एपिकार्डियल फॅट'ला 'हृदयाची चरबी' म्हणावं की 'हृदयमेद'? आणि 'व्हॅस्क्युलर फंक्शन'ला 'रक्तवाहिनीचं कार्य' चालेल का?

चरबी की मेद, हा वाद मला गौण वाटतो. एक फारसीतून आलेला, दुसरा संस्कृत, दोन्ही कळतात. 'वसा' मात्र टाळा. हिंदीत तो सर्रास चालतो, पण मराठी वाचकाला 'घेतला वसा टाकू नये'च आठवेल.

खरी अडचण 'हृदयाची'मधल्या 'ची'ची आहे. 'ची' जागा सांगत नाही, आणि इथे सगळा खेळ जागेचा. हृदयाला दुपदरी आवरण असतं. त्याच्या आतल्या पदराखाली, थेट स्नायूला चिकटून असते ती एपिकार्डियल; तिला 'हृदयावरची चरबी' म्हणा. आवरणाच्या बाहेरची ती 'हृदयावरणाबाहेरची'. शब्द लांबलचक आहे, पण चकवत नाही. 'हृदयाभोवतीची' म्हटलं की दोन्ही आल्या.

'रक्तवाहिनीतली' तर नकोच. चरबी म्हटलं की लोकांना नळीत साचलेला गाळ दिसतो. इथे उलटं आहे: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्याच बहुतांशी या चरबीतून जातात. चरबी फाजील वाढली की तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं जास्त स्रवतात. धमनीच्या अस्तराला ही रसायनं बाधली, तर धमनीला सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं आणि धमनी हवी तेव्हा सैलावत नाही. म्हणजे त्रास बाहेरून आत जातो.

'हृदयावर चरबी चढली' असंही लिहू नका. चरबी चढते ती माजलेल्या माणसाला! निरोगी हृदयावरही ती असतेच. स्नायूला इंधन पुरवते, धमन्यांना धक्क्यांपासून जपते. 'वाढली' पुरे.

आता 'कार्य'. रक्तवाहिनीचं कार्य म्हणजे रक्त वाहून नेणं, असंच कुणीही समजेल. अशा लेखांत बहुधा मोजलेलं असतं ते निराळंच. हाताला पट्टा 5 मिनिटं आवळून सोडतात आणि रक्त पुन्हा धावू लागल्यावर दंडातली धमनी किती रुंदावते, ते सोनोग्राफीवर बघतात. तसं असेल तर 'धमनीची रुंदावण्याची क्षमता' लिहा. 'लवचीकपणा' नको, धमनीचा ताठरपणा वेगळ्या चाचणीनं मोजतात, तुमच्या लेखात दोन्ही आकडे असले तर घोळ होईल.