दगडफुलाच्या पुडीत नक्की काय काय असतं?

प्रश्न: गोड्या मसाल्यासाठी दगडफूल आणलं, निवडताना दिसलं की काही तुकड्यांच्या कडेला बारीक काळे केस आहेत आणि काहींना अजिबात नाहीत. हे एकच का वेगवेगळं? आणि आता डीएनए टेस्ट असताना नुसतं बघून ओळखायची कटकट कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, वेगवेगळंच. पुडीत परमोट्रेमा वंशाच्या तीन-चार जाती सर्रास मिसळलेल्या असतात. तुमचा बिनकेसाचा तुकडा भिंगाखाली धरा, वरती बारीक कोंबांची खरखर दिसली तर बहुतेक त्यातली टिंक्टोरम ही जात. मग ब्लेडने वरची साल खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचचा एक थेंब टाका, टिंक्टोरम असेल तर लगेच लालभडक होतो, त्यातल्या लेकॅनोरिक आम्लामुळे. ही थेंबाची युक्ती नायलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1866 मध्ये काढली आणि अजून चालते, स्वस्तात मस्त! केसवाल्याच्या कडेला पिठासारखी भुकटी असली तर परलेटम असू शकतं, पण रेटिक्युलेटमलाही केस आणि भुकटी दोन्ही असतात, फक्त त्याच्या अंगावर पांढऱ्या रेघांची जाळी असते.

आता डीएनएचं. दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, तुकडा वाटला की दोघांचा डीएनए येतो, म्हणून बुरशीचाच आयटीएस नावाचा भाग वेगळा काढून वाचतात. त्यातून धक्केही बसलेत. दक्षिण अमेरिकेत ज्याला वर्षानुवर्षं एकच जात समजायचे त्या डिक्टिओनेमा ग्लॅब्रॅटम नावाच्या लायकेनमधून 2014 मध्ये निदान 126 जाती निघाल्या, आणि मग परत नीट बघितलं तर कडा, रंग, केस यांत फरक होतेच की, आधी कोणी मनावर घेतलं नव्हतं इतकंच.

उलटंही होतं. उत्तर अमेरिकेत झाडांवर लोंबणारी ब्रायोरिया या लायकेनची दोन रूपं, एक तपकिरी, तिथले आदिवासी शिजवून खायचे ते, आणि दुसरं पिवळसर, व्हल्पिनिक आम्लामुळे विषारी. बुरशीचा डीएनए बघाल तर दोघांत फरक नाही, शैवालही तेच! 2016 मध्ये या लायकेनच्या वरच्या सालीत एक यीस्ट सापडलं, पिवळ्यात ते जास्त होतं. म्हणजे नुसत्या डीएनएवर विसंबून जेवायला बसला असता तर पंचाईतच.

तुम्ही आधी भिंग आणि ब्लीच करून बघा, फक्त थेंब टाकलेला तुकडा परत मसाल्यात टाकू नका.