डोंगराळ, जंगलातून जाणारा ग्रॅव्हल सायकलिंगचा (खडीच्या, कच्च्या रस्त्यांवरील सायकलिंगचा) मार्ग कसा निवडावा?

नकाशावर ४० किलोमीटरचा मार्ग सोपा दिसतो, पण तो झेपेल का, असे आपण विचारले आहे. अंतराआधी एकूण चढाई पाहावी, आणि त्याहूनही आधी ती कोठे एकवटली आहे हे पाहावे. कारण एका किलोमीटरमध्ये १०० मीटर चढ म्हणजे १० टक्के चढ, आणि सुट्या खडीवर अशा चढावर उभे राहून पेडल मारल्यास वजन पुढे सरकून मागचे चाक जागीच फिरू लागते. नकाशातील समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) जेथे दाटतात, तेथे सायकल ढकलावी लागेल असे गृहीतच धरावे.

जंगलात लाकूड वाहून नेण्यासाठी केलेले रस्ते मला पायवाटांपेक्षा अधिक भरवशाचे वाटतात, कारण ते अवजड वाहनांसाठी आखलेले असल्याने त्यांचा चढ बहुधा सौम्य असतो. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद असावेत. उतारावर, विशेषतः ओल्या पानांखाली मुळे दडलेली असतात तेथे, वेग वळणापूर्वीच कमी करावा. वळणात दाबलेला पुढचा ब्रेक सहसा क्षमा करत नाही.