ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांतल्या मूलनिवासी कैद्यांना साथीपासून कसं वाचवायचं?

आधी आतली गर्दी कमी करा. मास्क, लस त्यानंतर. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत मूलनिवासी चार टक्क्यांहून कमी, पण कैद्यांत एक तृतीयांशाहून जास्त. त्यांच्यात मधुमेह, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे विकारही जास्त. खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्यांना जामिनावर सोडणं हाच खरा बचाव. तुरुंग शेवटचा पर्याय असावा, हे कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९९१ मध्येच सांगितलं होतं!

मात्र सोडण्याआधी चाचणीचा अहवाल हातात हवा. ऑगस्ट २०२१ मध्ये बाथर्स्टच्या तुरुंगातून जामिनावर सुटलेला एक माणूस वॉलगेटला पोहोचल्यावर कोविडबाधित निघाला. मूलनिवासींची मोठी वस्ती असलेलं ते दूरचं छोटं गाव. तुरुंगाची चूक गावाच्या दारात गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं, डॉक्टर विश्वासाचे हवेत. आत गेलं की मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, बंद होतं, त्यामुळे मूलनिवासींच्या स्वतःच्या आरोग्य संस्थांना आत काम करणं परवडत नाही. तरी विनंगा ही अशी संस्था २०१९ पासून कॅनबेराच्या तुरुंगात सेवा देते आहे. तिथे जमतं, तर इतर राज्यांतही जमायला हवं.

आणि विलगीकरणाच्या नावाखाली एकांतवास नको. घरच्यांशी फोन मोफत आणि रोज हवा.