प्रत्येक लबाड ‘कनिंग’ नसतो

अरे, तुझ्या भाषांतरात सगळेच लबाड ‘कनिंग’ झालेत. कोल्हा ‘कनिंग’ चालेल. पण गालातल्या गालात हसणारा, मनातलं कळू न देणारा तो ‘स्लाय’. आईची नजर चुकवून लाडू पळवणारं पोर ‘स्नीकी’. आतल्या गाठीचा, आडवाटेने डाव साधणारा ‘डीव्हियस’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘वाट सोडून’, म्हणून चपखल बसतो. ‘श्रूड’ मात्र जपून वापर. पूर्वी त्याचा अर्थ ‘दुष्ट’ होता, आज ‘चाणाक्ष’. व्यापाऱ्याला ‘श्रूड’ म्हटलंस तर खूश होईल, ‘डीव्हियस’ म्हटलंस तर भांडायला येईल. आणि वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यासाठी ‘डिसइंजेन्युअस’. त्याचं स्पेलिंग मीसुद्धा अजून तपासूनच लिहितो.