उपऱ्याला ‘परात्म’ कशाला करता?

एरंडोलहून एमए करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय: ‘अस्तित्ववादी साहित्यातली परात्मता म्हणजे निराशाच ना? दोन्ही शब्द एका वाक्यात घातले तर द्विरुक्ती होते का?’

नाही होत. परात्मता म्हणजे इंग्रजीतलं ‘एलिएनेशन’, आपल्याच जगात परकं होणं. पण दोन्ही एकच वाटण्यात तिचा दोष नाही. हल्ली कवितेत पाऊस पडला, खिडकी आली आणि कवी चहा घेत एकटाच बसला, की समीक्षक लगेच ‘परात्मतेचा प्रत्यय’ लिहून मोकळा होतो. त्याच्या जोडीला ‘हताशा’ असतेच. ती हिंदीतून आलीय. मराठीत माणूस हताश होतो, त्याला हताशा होत नाही.

निराशेचं आधी उरकतो. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉर जिला निराशा म्हणतो, त्या त्याच्या भाषेतल्या शब्दाच्या पोटात ‘संशय’ आहे आणि त्या संशयाच्या पोटात ‘दोन’. आपल्या ‘द्विधा’तला ‘द्वि’ त्याच घराण्यातला. म्हणजे ती निराशा आशा संपल्याची नाही, माणूस स्वतःशीच दुभंगल्याची आहे. 1849 च्या पुस्तकात तो असंही म्हणतो की आपण निराश आहोत हे ज्याला कळतच नाही, तोही निराशच. हसतखेळत जेवणारा, दुकान चालवणारा माणूससुद्धा.

आता ‘परात्मता’. मार्क्सने 1844 मध्ये मजुराबद्दल जे लिहिलं, त्याला हा शब्द चालेल. मजुराने केलेली वस्तू त्याच्या हातून जाते आणि त्याच्यावरच उलटते. त्याला मी साधं ‘तुटलेपण’ म्हणेन, कारण तुटायला आधी जोडलेलं असावं लागतं. पण फ्रेंच लेखक काम्यूच्या 1942 च्या कादंबरीतला नायक म्यर्सो कशापासून तुटलाय? आईच्या शवपेटीजवळ तो दूध घातलेली कॉफी पितो, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोहायला जातो. निराश तर तो मुळीच नाही, त्याला समुद्र आवडतो. त्या कादंबरीचं फ्रेंच नाव इंग्रजीत नेताना ब्रिटिशांनी ‘आउटसायडर’ केलं, अमेरिकनांनी ‘स्ट्रेंजर’. दोघांनाही अर्धाच अर्थ मिळाला. मराठीत तो अख्खा एका शब्दात बसतो: उपरा.

‘उपरा’ म्हटलं की लक्ष्मण माने यांचं 1980 चं आत्मकथन आठवतं, ते सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचाय त्याचा सख्खा भाऊ, ‘उपरी’. हा महसुली शब्द आहे. पेशवाईचा मुलूख घेतल्यावर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये अहवाल लिहिला. त्या मुलखात आपलं खानदेशही होतं. त्यात कुणबी दोन प्रकारचे सांगितलेत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो गाव सोडून गेला, तरी वर्षांनी परत येऊन ती मागू शकायचा. उपरी मात्र बाहेरून आलेला, कौल, म्हणजे कसायचा करार, असेल तोवर कसणारा. घाम दोघांचाही तेवढाच गळायचा.

काही कोशप्रेमी ‘उपरा’ हा ‘अपर’, म्हणजे ‘दुसरा’, यावरून काढतात. काढोत. मी ‘उपरि’, म्हणजे ‘वर’, धरून बसलोय. तान्ह्याला आईचं सोडून दुसरं दूध पाजतात ते ‘वरचं दूध’. पगाराबाहेरची ती ‘वरकमाई’. आतलं नव्हे ते आपल्याला ‘वरचं’. ‘अपर’वाल्यांनी आधी वरच्या दुधाची वाट लावून दाखवावी.

गंमत अशी की इंग्रजी ‘एलिएनेशन’ही तलाठ्याच्या दप्तरात आधीपासून होतं. ज्या गावाचा शेतसारा सरकारने दुसऱ्याला देऊन टाकला, ते एलिएनेटेड, आपल्या दप्तरी मराठीत ‘दुमाला’. (त्यातला ‘दु’ म्हणजे किर्केगॉरचाच ‘दोन’, असा मला दाट संशय आहे. हसा.)

आमच्याकडे एक सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं, ओट्यावर बसून पुढचं ठरायचं, असं किती वर्षं चाललं. आमच्या कपाशीच्या शेतात कुठल्या ओळीला पाणी कमी पोचतं, हे वडिलांना नाही, त्याला माहीत. एकदा गावात मंदिराच्या वर्गणीवरून भांडण पेटलं आणि कुणीतरी त्याला विचारलं, तुझं काय मत? बिडी विझवत तो म्हणाला, ‘‘मी त उपरा शे, भाऊ.’’ चेहऱ्यावर दुःख नव्हतं. गाय काळी आहे म्हणावं, तसं म्हणाला. म्यर्सो कोर्टात असाच बोलतो. तोही अल्जियर्समध्ये, दुसऱ्यांच्या मुलखात वसलेल्या फ्रेंचांपैकीच. उपरीच की!

नेमाड्यांच्या ‘कोसला’तला सांगवीकडचा पांडुरंग पुण्यात उपरा असतो आणि परत येतो तेव्हा घरीही. 1963 च्या या कादंबरीवर लिहिणाऱ्यांनी हा शब्द हाताशी असताना ‘परात्मता’ का उचलली, ते त्यांनाच विचारा.

हां, तुझी द्विरुक्ती. ‘निराशा आणि परात्मता’ असं खुशाल लिही, चूक नाही. परीक्षकाला चालत असेल, तर दुसऱ्या जागी ‘उपरेपण’ लिही. मार्क कापले तर मला कळव.