इंग्रजी शब्दांतल्या खुणा : पाटीपासून बिलापर्यंत

या वेळचे प्रश्न बहुतेक पाट्या, बिलं आणि अर्ज यांतून आले आहेत. व्याकरणाच्या पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा मला हे आवडतात, कारण इथली चूक चारचौघांत टांगलेली असते.

प्रश्न : मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. एक गिऱ्हाईक म्हणतं, ‘स्नॅक्स’मधल्या एसच्या आधी वर तो स्वल्पविराम पाहिजेच. दुसरं म्हणतं, तो कसाले पाहिजे? मी दोन्ही प्रकारे रंगवून दिलंय. खरं काय? (पेंटर, धुळे)

उत्तर : दुसरं गिऱ्हाईक बरोबर. एस दोन कामांसाठी येतो. एक काम अनेकवचनाचं : स्नॅक्स, टायर्स, मोबाइल्स. तिथे वरच्या त्या स्वल्पविरामाचं, म्हणजे अपॉस्ट्रॉफीचं, काहीच काम नाही. दुसरं काम मालकीचं. ‘पाटील’ लिहायचं, वर अपॉस्ट्रॉफी, मग एस. म्हणजे झालं पाटलांचं. शंका आली तर मराठीतला चा-ची-चे लावून बघा, नाहीतर आपल्या अहिराणीतला ना-नी-नं. ‘रामना भाऊ’मधला ‘ना’ जिथे बसतो तिथे खूण येते. ‘स्नॅक्स’ला तो बसतच नाही.

मालक अनेक असले की खूण एसच्या पुढे सरकते. ‘बॉइज होस्टेल’मध्ये ती एसच्या आधी दिली तर ते एकाच मुलाचं होस्टेल झालं, आणि एका मुलासाठी एवढी इमारत कोण बांधेल? मेन, विमेन, चिल्ड्रन हे शब्द मात्र एस न लावताच अनेकवचनी आहेत. म्हणून ‘विमेन्स कॉलेज’मध्ये खूण एसच्या आधीच. पाट्यांवर ही जागा हमखास चुकलेली दिसते.

ही खूण मुळात गळालेलं अक्षर दाखवण्यासाठी होती. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना मालकी दाखवायला ‘ईएस’ लागत असे. त्यातला ई बोलण्यातून गेला आणि सतराव्या शतकात त्याच्या जागी खूण रुळली. अनेकवचनामागची खूण तर अठराव्या शतकात आली. तेव्हा हा नियम काही वेदकालीन नाही, आणि खुद्द इंग्रजांचंही त्यावर एकमत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशनं. पहिल्याच्या नावात खूण आहे, दुसऱ्याच्या नाही. लंडनचं हॅरॉड्स हे बडं दुकान ती लिहीत नाही, वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये काढून टाकली, मॅकडोनाल्ड्सने ठेवली आहे. नाव ज्याचं, मर्जी त्याची. तुम्हीही दुकानाच्या नावात मालक म्हणेल तसं रंगवा. खालच्या ‘ज्यूस, स्नॅक्स, आइस्क्रीम्स’ या ओळीत मात्र त्याचं ऐकू नका.

प्रश्न : ‘इट्स’मध्ये कधी खूण असते, कधी नसते. दर परीक्षेत माझा एक मार्क त्यावर जातो. (विद्यार्थिनी, अकरावी, चोपडा)

उत्तर : त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ टाकून वाक्य वाचायचं. चाललं तर खूण द्यायची, अडलं तर नाही. तुम्ही म्हणाल, ‘त्याचं’ म्हटल्यावर मालकी आलीच, मग खूण का नको? कारण हिज, हर्स, अवर्स, युअर्स या मालकीच्या सर्वनामांपैकी कोणीच ती घेत नाही. पूर्वी ‘इट्स’ला मालकीतही खूण देत असत, ती पुढे गेली.

गळालेलं अक्षर शोधायची सवय लावा, बाकीचं सोपं होईल. ‘ओक्लॉक’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’. शाळेत दिवसभर ज्यांना ‘मॅम’ म्हणता, त्या शब्दात ‘मॅडम’चा डी गेलेला आहे. ‘वोन्ट’ विचित्र दिसतं, कारण ते ‘विल’च्या ‘वोल’ या जुन्या रूपावरून आलं. ‘डिसूझा’मध्ये पोर्तुगीज ‘दे’ आखडलाय. ‘ओब्रायन’मध्ये मात्र काहीच गळालेलं नाही! आयरिश भाषेत ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. त्याच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघेचा इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी झाला.

प्रश्न : आमच्या बिलावर ‘केळी @ १८५०’ असं आम्ही वर्षानुवर्षं लिहितो. मुलगा म्हणतो, हे ईमेलचं चिन्ह आहे, बिलावर शोभत नाही. आणि पोलिसांच्या कागदात नावाच्या मध्येच @ कसा? (केळीचे व्यापारी, सावदा)

उत्तर : मुलाला सांगा, ईमेलने ते व्यापाऱ्यांकडून उचललं. १५३६ सालच्या फ्लोरेन्सच्या एका व्यापाऱ्याच्या पत्रात ते दारूच्या मापासाठी वापरलेलं सापडतं. इंग्रजी हिशेबात ‘अमुक दराने’ हा अर्थ पक्का झाला, म्हणून टाइपरायटरवर त्याला जागा मिळाली. अमेरिकन प्रोग्रॅमर रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ईमेलच्या पत्त्यासाठी ते निवडलं, कारण ते कोणाच्या नावात येत नव्हतं. आपल्या पोलिसांनी तेवढ्यात ते नावातही आणून बसवलं! फिर्यादीत दोन नावांमध्ये @ असेल तर ‘उर्फ’ वाचायचं. हा अर्थ आपल्याकडचा. लंडनच्या माणसाला तो कळणार नाही.

त्याच कागदावर एस/ओ, डब्ल्यू/ओ, आर/ओ असतं. तिथली तिरकी रेघ शब्द आखडल्याची खूण : सन ऑफ, वाइफ ऑफ, रेसिडेंट ऑफ. सी/ओ म्हणजे ‘केअर ऑफ’, मार्फत. ए/सी म्हणजे अकाउंट. इथे रेघ विसरलात तर बँकेच्या अर्जावर वातानुकूलन यंत्र येतं.

आणि बिलाच्या शेवटी तुम्ही ‘५००/-’ लिहीत असाल. इंग्रजांकडे पूर्वी ५/- म्हणजे पाच शिलिंग, वर सुटे पेन्स काही नाही. ब्रिटनने शिलिंग १९७१ मध्ये मोडीत काढला, आपले आणे-पै त्याआधी १ एप्रिल १९५७ पासूनच गेले. /- मात्र आपल्याकडे टिकून आहे, आणि टिकू द्या. पाचशेच्या पुढे कोणी शून्य चिकटवू नये, एवढं काम ते अजून चोख करतं.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात ‘रेझ्युमे’ लिहिताना दोन्ही ईंवर तिरक्या रेघा द्यायच्या का? (पदवीधर, नंदुरबार)

उत्तर : दिल्यात तर उत्तम, नाही दिल्यात तरी नोकरी जाणार नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला. रेघा काढल्या की त्याचं स्पेलिंग ‘पुन्हा सुरू करणे’ या अर्थाच्या ‘रिझ्यूम’सारखंच होतं, म्हणून काही लोक त्या जपतात. ‘कॅफे’वरची रेघ आता बहुतेकांनी सोडली. ‘नाईव्ह’मधल्या आयवर दोन टिंबं दिली तर ती सांगतात की ए आणि आय वेगवेगळे उच्चारा. जर्मनमध्ये अशीच दोन टिंबं स्वराचा उच्चारच बदलतात. म्हणून खूण ओळखली तरी आधी शब्द कुठला ते बघायचं.

प्रश्न : हायफन द्यावा की शब्द जोडून लिहावा? मुलं विचारतात. (शिक्षक, अमळनेर)

उत्तर : काळ हायफनच्या, म्हणजे शब्द जोडणाऱ्या आडव्या रेघेच्या, विरुद्ध आहे. शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाने २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० हायफन काढले. ‘ईमेल’मधलाही बऱ्याच ठिकाणी गेला. अर्थ बदलत असेल तिथे मात्र सोडू नका. चाळीसगाव तालुक्यात २०१७ मध्ये नरभक्षक बिबट्याने दहशत माजवली होती. तो ‘मॅन-ईटिंग लेपर्ड’. हायफन काढला तर माणूसच बिबट्याला खातोय असं होतं. ‘रि-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणे. हायफन गेला की राजीनामा.

प्रश्न : ‘डॉ’ या अर्थी इंग्रजी डीआर लिहिताना पुढे टिंब हवं की नको? (औषध दुकानदार, भुसावळ)

उत्तर : ब्रिटिश पद्धतीत शब्दाचं शेवटचं अक्षर राहिलं असेल तर टिंब नको. डॉक्टरचा आर आहे, मिस्टरचाही आहे, लिमिटेडचा डी आहे. प्रोफेसर ‘प्रोफ’वर तुटतो, म्हणून तिथे टिंब. अमेरिकन सगळीकडे देतात. तेव्हा एकाच लेटरहेडवर ‘डॉ’ टिंबाविना आणि ‘प्रोफ’ टिंबासह दिसला तर छापखान्याला फोन लावू नका.